गोल कोणाभोवती काढायचा?
फुटबॉल विश्लेषकाच्या थाटातलं विडंबन : करायचं कसं आणि थांबायचं कुठे

वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी म्हणालो, "या अंकासाठी मी फुटबॉल फिल्मच्या विडंबनावर लिहितो." लगेच प्रश्न आला, "म्हणजे 'झुंड'वर?" प्रश्नात चूक काहीच नव्हती. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ साली आला, तोही नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावरून सुचलेला. फुटबॉल आणि फिल्म हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याला तोच आठवणार.

पण मला म्हणायची होती ती फिल्म वेगळी. सामना संपल्यावर त्याचं चित्रीकरण पुन्हा लावायचं, मध्येच थांबवायचं, एका खेळाडूभोवती पिवळा गोल काढायचा, दुसऱ्याच्या पायापासून बाण ओढायचा आणि गंभीर आवाजात सांगायचं, "इथे बघा, सामना खरं तर इथेच संपला होता." हे करणाऱ्याला फिल्म अ‍ॅनालिस्ट म्हणतात. त्याच्या या थाटात भलत्याच गोष्टीचं विश्लेषण करणाऱ्या पोस्टी तुम्ही पाहिल्या असतील. कोणी मांजराच्या उडीवर बाण काढतं, कोणी लग्नातल्या आहेराच्या रांगेवर. मीही अशा पोस्टी करतो. त्या कशा करायच्या ते सांगतोच. पण त्यांतली एक मी करायला नको होती. आधी तीच सांगतो, कारण बाकीचं मला तिच्यामुळेच कळलं.

मे महिन्यातली पोस्ट

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडलात. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. घरात मराठी, दुकानांच्या पाट्या तेलुगू आणि मॅच सुरू झाली की ओरडणं हिंदीत, असा आमचा तीन भाषांचा संसार. गावाला मैदान असं नाही. कापूस निघून पऱ्हाटी उपटली की एखादं वावर मोकळं होतं, मग मृगाच्या पावसापर्यंत तेच आमचं स्टेडियम. चार बांबू रोवले की दोन गोलपोस्ट तयार.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या गावाशी सामना होता. आमचा गोलकीपर म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. शेवटच्या मिनिटांत एक अगदी हळू येणारा बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला आणि आम्ही हरलो. एका मित्राने मोबाईलवर शूट केलं होतं. त्या रात्री मी त्यातले आठ सेकंद कापले, चित्र थांबवलं, भावाभोवती पिवळा गोल काढला, त्याच्या गुडघ्यांमधून लाल बाण ओढला आणि वर लिहिलं :

"इथे थांबूया. गोलकीपरची बॉडी शेप बघा. दोन्ही पाय खुले. याला आधुनिक फुटबॉलमध्ये 'बोगदा' म्हणतात. लवकरच इथून आदिलाबाद-मुदखेड पॅसेंजर सोडण्याचा विचार आहे."

पोस्ट जोरात चालली. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तीच. चौकात तो दिसला की पोरं शिट्टी वाजवायची, "गाडी आली, गाडी आली!" मला वाटलं, आपण जिंकलो. चार दिवसांनी मावशी घरी आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "तू काय टाकलं रे मोबाईलात? पोरगा घराबाहेर निघून नाही राह्यला."

मी पोस्ट काढून टाकली. पण लोकांच्या फोनमधली काढता येत नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न होता. मी तर विश्लेषकांची टिंगल करत होतो. मग मार भावाला का बसला? उत्तर शोधायला मला त्या थाटाच्या मुळाशी जावं लागलं.

हा थाट आला कुठून

'फिल्म' हा शब्द अमेरिकेतून आला. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात बॉल धरून धावतात त्या फुटबॉलमध्ये, प्रशिक्षक खेळाडूंना अंधाऱ्या खोलीत बसवून आधीच्या सामन्याची रिळं दाखवत. रिळं गेली, शब्द राहिला. आज मोबाईलवर बघितलं तरी ते 'फिल्म बघणं'च. चालू चित्रावर पडद्यावरच रेघा काढायचं यंत्रही तिकडेच लोकप्रिय झालं. जॉन मॅडन हे प्रशिक्षकाचे समालोचक झाले आणि १९८२ च्या सुपर बोलच्या प्रक्षेपणात त्यांनी टेलिस्ट्रेटर नावाच्या या यंत्राने पडद्यावर गोल आणि रेघा ओढल्या. आज प्रत्येक पोराच्या मोबाईलमध्ये स्क्रीनशॉटवर लिहायचं पेन असतं, ते त्याच यंत्राचं नातवंड.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये विश्लेषणाचं वेड इंग्लंडमध्ये आधी कागदावर सुरू झालं. चार्ल्स रीप हे तिथल्या हवाई दलातले हिशेब बघणारे अधिकारी. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाऊन आणि ब्रिस्टॉल रोव्हर्स यांचा सामना बघताना त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चालीची नोंद सुरू केली. पुढे त्यांनी शेकडो सामने असे लिहून काढले. निष्कर्ष असा, की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. तेव्हा उगाच पास-पास खेळू नका, बॉल लांब मारा.

यातली खोच बघा. फुटबॉलमध्ये बहुतेक चाली तीन पासांच्या आतच मोडतात. मग गोलही बहुतेक तिथूनच होणार. आमच्या रस्त्यावर बहुतेक अपघात मोटरसायकलींचे होतात, म्हणून बैलगाडी सुरक्षित, असं म्हणण्यासारखं झालं हे. अहो, रस्त्यावर असतातच मोटरसायकली! रीप यांची मेहनत खरी होती, आकडे खरे होते, त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र लंगडा. तरीही इंग्लंडमध्ये तो बराच काळ चालला, कारण आकड्यांसोबत आलेला ठामपणा माणसाला गप्प करतो.

या थाटाचं विडंबन करायचं असेल तर हा ठामपणा नीट ओळखायला हवा. नुसत्या रेघा आणि बाण कुणीही काढेल.

थाटाच्या पाच खुणा

पहिली खूण, थांबवणं. विश्लेषक धावतं चित्र थांबवतो. थांबलेल्या चित्रात प्रत्येक माणूस मूर्ख दिसतो. एक पाय हवेत, तोंड उघडं, डोळे भलतीकडे. सचिनचं चित्रही चुकीच्या क्षणी थांबवलं तर तो घसरतोय असं वाटेल.

दुसरी, परिभाषा. मैदानाचे उभे पाच पट्टे कल्पिले तर मधला पट्टा आणि कडेचा पट्टा यांच्यामध्ये येतो तो 'हाफ-स्पेस'. सगळा संघ आपल्या गोलसमोर गर्दी करून बसला की तो 'लो ब्लॉक'. बॉल गेला की मागे न पळता तिथल्या तिथे हिसकावायला धावायचं, ते 'गेगेनप्रेसिंग'. हा शब्द जर्मन, युर्गन क्लॉप यांच्या संघांमुळे जगभर झालेला. मधला मुख्य आघाडीवीर जागा सोडून मागे येतो आणि बचाव करणाऱ्यांना गोंधळात टाकतो, तो 'फॉल्स नाईन'. २ मे २००९ रोजी बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ६-२ ने हरवलं, तेव्हा मेस्सी असाच खेळला होता. हे शब्द खरे आहेत, उपयोगी आहेत. चेष्टेचा विषय आहे त्यांची खैरात.

तिसरी, दशांश चिन्ह. 'एक्सजी' म्हणजे अपेक्षित गोल. प्रत्येक फटक्याला ० ते १ मधला एक आकडा देतात : अशा जागेवरून, अशा कोनातून मारलेला फटका आत जाण्याची शक्यता किती? पेनल्टीचा साधारण पाऊण, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरेक आत जातात. कल्पना साधी आणि चांगली आहे. पण "त्याने गोल करायला हवा होता" हे वाक्य आणि "त्याचा एक्सजी ०.६८ होता" हे वाक्य ऐकताना आपण दुसऱ्यासमोर मान तुकवतो.

चौथी, "सगळे म्हणतात... पण." सगळ्यांना बॉल दिसतो, विश्लेषकाला बॉलपासून दूर उभा असलेला लेफ्ट बॅक दिसतो. आपल्यालाच खरं दिसलं, हा सूर त्याला सोडता येत नाही.

पाचवी सगळ्यांत महत्त्वाची, निकाल माहीत असणं. विश्लेषक बोलतो तेव्हा सामना संपलेला असतो. गोल झालेला असतो. मग तो मागे मागे जात कारण शोधतो आणि ते कारण असं सांगतो, की जणू त्याला ते आधीच दिसलं होतं.

हे आपल्याकडे नवीन नाही

एखाद्या व्यवसायाची भाषा उचलून ती भलत्या विषयावर चढवायची, ही युक्ती मराठीत चारशे वर्षांहून जुनी आहे. संत एकनाथांच्या भारुडांत 'अर्जदास्त' नावाची रचना आहे. त्या काळच्या कारभाराची फारसी शब्दांनी भरलेली भाषा, सरकारदरबारी लिहायच्या अर्जाचा साचा, आणि आत मात्र शरीर हा मुलूख आणि काम, क्रोध, दंभ हे तिथले त्रास देणारे हुद्देदार. कचेरीत अर्ज घेऊन हेलपाटे घातलेल्या माणसाला तो साचा ऐकताच हसू आलं असेल, आणि हसता हसता आतला अर्थही पोचला असेल. एकनाथ पैठणचे. तीच गोदावरी पुढे बासरवरून आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात येते. त्यामुळे हा वारसा आपलाच म्हणायला मला काही संकोच नाही.

दुसरं उदाहरण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले', म्हणजे १९२० च्या दशकातलं काम. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ सुरू झालं होतं, कवितेला नवे दिवस आले होते आणि त्यासोबत काही लकबीही आल्या होत्या. अत्र्यांनी त्या लकबी पकडल्या. त्यांना ती वृत्तं स्वतःला लिहिता येत होती, म्हणून ती वाकवताही आली. टोपणनावसुद्धा केशवसुतांची आठवण करून देणारं. ज्याचं विडंबन करायचं ते आधी तोंडपाठ पाहिजे, हा तिथला पहिला धडा.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. टोला बसतो तो साच्याला : कचेरीच्या भाषेला, कवितेच्या लकबीला. मुलूख पिडला जातोय म्हणून नाथ मुलखाला हसत नाहीत.

आता माझी पोस्ट आठवा. भाषा विश्लेषकाची होती, साचा विश्लेषकाचा होता, पण पिवळा गोल होता सतरा वर्षांच्या एका पोराभोवती. मी विश्लेषकाला हसलोच नव्हतो. मीच विश्लेषक झालो होतो, आणि तोही वाईट.

करायचं कसं

आता कृती. एक उदाहरण घेऊन बोलू. ही माझीच पोस्ट आहे, सहा तुकड्यांची :

१/६ आदिलाबाद बस स्टँड, सकाळची वेळ. सगळे म्हणतात काकूंनी नुसता रुमाल टाकला. फिल्म बघितली की कळतं, इतकं सोपं नाही.

२/६ इथे थांबूया. बस अजून वळते आहे. बाकी सगळे दाराकडे बघतायत. काकू मात्र खिडक्या मोजतायत. याला स्कॅनिंग म्हणतात. हे शिकवता येत नाही.

३/६ दारापाशी लो ब्लॉक. अकरा माणसं, चार पोती, एक कोंबड्यांची टोपली. मधून जायला वाट नाही. कोंबड्यांची पोझिशनिंग विशेष शिस्तबद्ध.

४/६ म्हणून काकू दार आणि मागचं चाक यांच्या मधल्या हाफ-स्पेसमध्ये येतात. दाराशी धक्का देणारा भाचा हा फॉल्स नाईन. त्याला आत जायचंच नाहीये.

५/६ जागा मिळण्याची शक्यता : रुमाल ०.४१, पिशवी ०.६७, झोपलेलं लहान मूल ०.९८. काकूंनी पिशवी निवडली. धाडसी, पण समजण्यासारखं.

६/६ नंतर कंडक्टरने सांगितलं की ही बस डेपोत चालली आहे. पण निकालावर जाऊ नका. प्रक्रिया बघा. प्रक्रिया बरोबर होती.

यात काय काय केलंय ते सांगतो.

विषय इवलासा घेतला. विषय जितका लहान आणि आवाज जितका मोठा, तितकी गंमत. निवडणूक किंवा युद्ध घेतलं तर आवाज विषयाला शोभायला लागतो आणि विडंबन संपतं.

शब्द अचूक वापरले. हाफ-स्पेस खरोखर 'मधल्या जागेला'च म्हटलंय, फॉल्स नाईन खरोखर लक्ष दुसरीकडे वेधणारा आहे. चुकीचा शब्द टाकला तर फुटबॉल कळणारा म्हणेल, याला काही येत नाही, आणि हसू पोस्टीऐवजी तुमच्यावर फिरेल.

आकडे एकाच तुकड्यात ठेवले. सहाही तुकड्यांत आकडे टाकले तर वाचणारा ते वगळतो. एकदाच टाका, दोन दशांशांपर्यंत टाका आणि पुढे जा.

लिहिणारा कुठेही हसत नाही. हसणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं नाहीत, "हाहा" नाही. सोंग आणणारा बहुरूपी स्वतः हसला की पैसे मिळत नाहीत.

शेवट मुद्दाम विश्लेषकावर उलटवला. बस डेपोत गेली तरी हा म्हणतो प्रक्रिया बरोबर होती. निकाल विरुद्ध गेला तरी सिद्धांत शाबूत, ही त्याची खरी सवय. टोला तिथे बसतो. काकू सहाही तुकड्यांत हुशारच आहेत, आणि आदिलाबादच्या स्टँडवर उभं राहिलेल्या कुणालाही ते पटेल.

चित्रासाठी एक सूचना. टीव्हीवरच्या सामन्याची फिल्म उचलू नका, ती कुणाच्या तरी मालकीची असते. बस स्टँडवर अनोळखी लोकांचे फोटोही काढू नका. मी वहीत काड्यांची माणसं काढली आणि त्यांच्यावर बाण ओढले. ते जास्त हास्यास्पद दिसतं आणि कुणाचा चेहराही येत नाही. शिवाय वर 'विडंबन' असं स्वच्छ लिहा. आपल्याला वाटतं सगळ्यांना कळेल. नाही कळत. मला एका गृहस्थांनी विचारलं होतं की हा अभ्यास कुठल्या विद्यापीठाचा.

खोडलेली ओळ

या पोस्टीत आधी सातवा तुकडाही होता. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि बसमधली गर्दी वाढली. तेव्हा मी लिहिलं होतं, काकूंचं 'ट्रान्सफर फ्री' झालंय. शब्द फुटबॉलचा होता, बसतही होता. पोस्ट टाकण्याआधी आईला वाचून दाखवली. सहा तुकड्यांवर आई पोट धरून हसली. सातव्याला थांबली आणि म्हणाली, "आजीच्या डोळ्याच्या औषधाले मी आदिलाबादले दर महिन्याले जातो. आधी दोन महिन्यांनी जात होतो."

एवढंच म्हणाली. मी ओळ खोडली. ती ओळ विश्लेषकाबद्दल नव्हतीच, तिच्यात बसमधल्या बायकाच उघड्या पडत होत्या. आणि ही गोष्ट मला, भावाचं सगळं घडून गेल्यावरही, स्वतःहून दिसली नाही. म्हणून तुम्हालाही सांगतो, पोस्ट टाकण्याआधी ती एका माणसाला वाचून दाखवा. तो माणूस तुमच्या मित्रांपैकी नसावा. मित्र सगळ्यालाच हसतात.

पंगतीवर लिहायचं असेल तर हाच विचार करा. वाढप्यांचा हाय प्रेस, "नको नको" म्हणणाऱ्या पाहुण्यावर दोन्ही बाजूंनी बुंदीचा डबल-टीम, वरणभाताचा सेकंड फेज, आणि अपेक्षित पुऱ्या ३.४ असताना प्रत्यक्षात नऊ खाणारे मामा : हे सगळं चालेल, मामा स्वतः हसतील. पण पंगत संपल्यावर उरलेलं मागायला दारात उभ्या राहिलेल्या माणसाभोवती गोल काढलात, तर फुटबॉलचा एकही शब्द तुम्हाला वाचवणार नाही.

क्लिप कुठून सुरू होते

आता जे सांगायचं राहिलं ते. मे महिन्यातली ती क्लिप मी आठ सेकंदांची केली होती, हे वर सांगितलं. मूळ शूटिंग लांबलचक होतं. पोस्ट काढून टाकल्यावर एका रात्री मी ते सगळं बघितलं. बॉल भावाकडे जाण्याआधी समोरच्यांकडे आला कसा? आमच्या एका खेळाडूने मैदानाच्या मधून मागे पास दिला. जिथे कुणीच नव्हतं तिथे. समोरच्या पोराने तो उचलला आणि मारला. तो पास देणारा खेळाडू मी.

मी हे विसरलो होतो असं नाही. कापताना कात्री नेमकी त्याच्या पुढे लावली होती.

आणखी एक गोष्ट दिसली. बॉल हळू येत होता, सरळ येत होता, भाऊ बरोबर जागी होता. शेवटच्या हातभर अंतरावर बॉल एका धसकटाला लागला आणि वळला. पऱ्हाटी उपटताना एखादं बुड राहूनच जातं. आठ सेकंदांत तेही होतं, पण मी गोल काढला होता गुडघ्यांभोवती, मग धसकट कोण बघणार?

मराठीत एक गंमत आहे. बॉल जाळीत गेला तरी गोल, आणि माणसाभोवती रेघ ओढली तरी गोल. पहिला भावाने खाल्ला होता, दुसरा मी केला होता.

मृग लागायला आठवडा होता. मी मावशीकडे गेलो. भाऊ अंगणात बसला होता. माझ्याशी बोलला नाही. मी खिशातून मूठभर सरकी काढली, मूठभर तुरीचे दाणे काढले, ओट्यावर मांडले. सरकी आमचा संघ, तूर त्यांचा. एक खडा बॉल. मोबाईल उभा करून शूटिंग लावलं आणि विश्लेषकाच्या आवाजात सुरू केलं :

"इथे थांबूया. सगळे म्हणतात चूक गोलकीपरची. आपण बारा सेकंद मागे जाऊया. हा खेळाडू बघा. कॉलेजात शिकतो. पास देतो आहे. कुणाला? इथे कुणी नाही. इथेही कुणी नाही. याला व्हिजन म्हणतात. जे अजून जन्मालाच आलं नाही अशा खेळाडूला याने पास दिला आहे. पासाची अपेक्षित अक्कल : ०.०२."

भाऊ बघत होता. मी सरकीचा तो दाणा बोटाने पुढे ढकलला. आणखी थोडा वेळ गेला. मग तो ओट्याजवळ आला, एक काडी मोडून गोलपोस्टपुढे उभी केली आणि म्हणाला, "धसकटाले बी गोल काढ."

काढला. ती पोस्ट पहिलीच्या अर्धीसुद्धा चालली नाही. ज्यांनी पहिली पाहिली त्यांतल्या निम्म्यांनी ही पाहिली नसेल, आणि चौकातली शिट्टी एकदम बंद झाली असंही नाही. दोन दिवसांनी तो वावरात आला. गोलमध्ये उभा नाही राहिला, पुढे खेळला. गोलमध्ये मी उभा राहिलो. चार खाल्ले. त्याचं विश्लेषण अजून कुणी टाकलेलं नाही, पण शूटिंग भावाकडे आहे आणि तो मला त्याची आठवण करून देत असतो.

तर मंडळी, विडंबन करा. या थाटाला हसण्यासारखं खूप आहे आणि आपल्या भाषेला ते जमतं. मंडळाकडे पाठवा, पुढच्या अंकात निवडक छापू. फक्त पाठवण्याआधी दोन गोष्टी बघा : गोल कोणाभोवती काढला आहे, आणि क्लिप कुठून सुरू केली आहे.